निळ्या कार्डांची भिंत

सकाळचे सातही वाजले नव्हते, तोवर रांग जिना उतरून रस्त्यावर आली होती आणि टायरच्या दुकानाला वळसा घालून पार पलीकडच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत पोचली होती. कुणी काठी टेकत आलं होतं, कुणाला सुनेने हाताला धरून आणलं होतं, कुणी एकटंच आलं होतं आणि आपण एकटे नाही असं दाखवायला पुढच्याशी उगाच बोलत होतं. जिन्याच्या तोंडाशी फलक होता : ‘जुन्यांनी उपाशीपोटी यावे. नव्यांचे सरबताने स्वागत. शंका घरी ठेवून यावे.’

वर, जिथे पूर्वी फर्निचरचं दुकान होतं, त्या लांबलचक दालनात चमत्कार चालू होता. जमिनीवर ओळीने तीस पाट मांडलेले. पाटावर माणूस बसला की पाट खालून हळूच गुणगुणायला लागायचा. वीस मिनिटं डोळे मिटून बसायचं. मग पांढऱ्या झग्यातली सेविका बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब लहानशा मशीनला लावायची, मशीनमधला आकडा स्वतःच बघायची आणि कार्डावर रंगीत टिकली चिकटवून मोकळी व्हायची. लाल म्हणजे व्याधी. पिवळा म्हणजे उतार. हिरवा म्हणजे आरोग्य.

आणि निळा म्हणजे मुक्ती. निळी कार्डं सगळी समोरच्या भिंतीवर लावलेली होती, छतापासून फरशीपर्यंत, तीनशे सव्वीस. लोक त्या भिंतीपुढे हात जोडून उभे राहायचे.

“आकडा म्हणजे काय?” गुरुजी माइकमधून विचारत होते. रेशमी लुंगीवर डॉक्टरचा पांढरा कोट, असा त्यांचा थाट होता. दोन्ही गिऱ्हाइकं सांभाळायची तर दुसरं काय घालणार? “आकडा म्हणजे भीती! डॉक्टर तुम्हाला आकडा देतो आणि तुम्ही घरी जाऊन त्या आकड्याशी संसार करता. मी तुम्हाला रंग देतो. रंगाला कधी कुणी घाबरलंय का?”

“नाही!” दालन गरजलं. लाल फडकं बघून बिथरणाऱ्या बैलाचा विषय कुणी काढला नाही.

त्या गर्दीत, नव्यांच्या रांगेत, हातात सरबताचा पेला घेऊन फाइलबाई उभी होती. सरबत इतकं गोड होतं की ओठ एकमेकांना चिकटत होते. “पूर्ण संपवायचं हं ताई,” वाटणारी मुलगी म्हणाली, “प्रसादच आहे.” फाइलबाईने मुकाट्याने पेला रिकामा केला.

फाइलबाई हे काही तिचं नाव नव्हे. पण एकतीस वर्षं दवाखान्याच्या तळघरात रुग्णांच्या फायली सांभाळल्यावर माणसाचं दुसरं काय होणार? तिच्या खोलीला एकच खिडकी होती, तीही छताला लागून. तिच्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. तिचं लग्न झालं नव्हतं, आणि का झालं नाही हे विचारणारेही आता उरले नव्हते. दिवसभरात तिच्याशी जे बोलायचे ते नंबर बोलायचे. संध्याकाळी कुलूप उघडून ती दोन खोल्यांच्या घरात शिरायची तेव्हा कधीकधी घसा खाकरून बघायची, आवाज आहे का जाग्यावर म्हणून.

तिचं म्हणावं असं एकच माणूस होतं. थोरला भाऊ. दादा शिंपी होता. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि मागच्या वर्षी नजर धरेना म्हणून दुकानही बंद केलं होतं. दोघं दर रविवारी एकत्र जेवायची. बोलणं बेताचंच. जेवण झालं की तो वर्तमानपत्र वाचायचा, ती भांडी घासायची, आणि चारच्या सुमारास “येते रे” म्हणून ती निघायची.

गेल्या रविवारी पाण्याची बाटली काढायला तिने त्याचा फ्रिज उघडला, तर इन्सुलिनची कुपी त्याच्या आधीच्या रविवारी जेवढी होती तेवढीच.

“दादा, इंजेक्शन?”

“बंद केलं. नऊ दिवस झाले.” तो वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाला. “मी आता हिरवा आहे.”

“काय आहेस?”

“हिरवा! बरा झालोय, चिमणे. पाटावर बसतो रोज. आधी लाल होतो, मग पिवळा, आता हिरवा. कार्ड आहे माझ्याकडे.”

त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं तिला तेव्हाच दिसलं. “बूट चावला,” तो म्हणाला. फडक्यावर पिवळट डाग होता. मधुमेह्याच्या पायाच्या जखमांच्या फायली कुठून सुरू होतात आणि कोणत्या रॅकवर जाऊन थांबतात हे तिला पाठ होतं. ती घाबरली, आणि घाबरली की तिचा आवाज चढतो. वेडा आहेस का, अक्कल गहाण टाकलीस का, असं ती बरंच बोलली. दादाने शांतपणे वर्तमानपत्राची घडी केली.

“तुला फायली कळतात,” तो म्हणाला. “माणसं नाही कळत.”

हे तिला लागलं. कारण ते खोटं आहे असं तिला छातीठोकपणे म्हणता येईना.

म्हणून ती मंगळवारी रजा टाकून इथे आली होती. सरबत पिऊन झाल्यावर सेविकेने तिचं कार्ड भरायला घेतलं.

“नाव सांगू?”

“नाव नको. नाव म्हणजे अहंकार, असं गुरुजी म्हणतात. धंदा सांगा, वय सांगा.”

“कारकून. छप्पन्न.”

पाटावर बसल्यावर खालून घरघर सुरू झाली. फाइलबाईने डोळे मिटले आणि पुढच्याच क्षणी उघडले. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. दादाच्या दुकानात उन्हाळ्याच्या सुट्टीभर तिने हाच आवाज ऐकला होता. शिलाई मशीनची मोटार! पाटाखाली शिलाई मशीनची मोटार बसवून ‘ब्रह्मांडाची कंपनं’ चालली होती. आणि चाळीस वर्षं तीच मोटार चालवलेला तिचा भाऊ त्यावर डोळे मिटून बसत होता! तिला हसू आलं, मग रडू आलं, मग वीस मिनिटं झाली.

बोटाला सुई टोचली. टिकली लाल.

“आकडा किती आला?” तिने विचारलं.

“आकडा सांगत नाही आपण. मनाला लागतो.”

गंमत अशी की फाइलबाईला साखरेचा त्रास कधीच नव्हता. तीन महिन्यांपूर्वीच सगळ्या कर्मचाऱ्यांची तपासणी झाली होती आणि तिची सुरळीत होती. ती कार्ड घेऊन भिंतीपाशी गेली. लाल माणसांनी भिंतीपुढे पाच मिनिटं उभं राहायचं, असा नियमच होता. सवयीने ती वाचायला लागली. पाथरवट, वय ५४. शाळेतली आया, वय ६०. घड्याळजी, वय ६६.

नकाशे काढणारा, वय ६१.

तिचे डोळे तिथेच थांबले. फाइलीतला ‘व्यवसाय’ हा रकाना दवाखान्यात कुणी वाचत नाही. बाकीचे कारकून तिथे ‘इतर’ असं ठोकून देतात. फाइलबाई मात्र दरेकाला विचारून लिहायची, आणि त्यावरून तिची टिंगलही व्हायची. एकतीस वर्षांत ‘नकाशे काढतो’ असं सांगणारा एकच माणूस तिच्यापुढे आला होता. वयही तेच. कुठले नकाशे, असं तिने उगाच विचारलं होतं, तर तो खूश होऊन पाच मिनिटं सांगत बसला होता, जमिनीच्या मोजणीचे, नदीकाठचे. ‘जवळचे नातेवाईक’ या रकान्यात त्याने काही सांगितलं नाही. तिथे तिने ‘माहीत नाही’ असं लिहिलं. बारा दिवसांनी ती फाइल परत तिच्याकडे आली, काळ्या फितीत बांधायला. काळी फीत म्हणजे शेवटचं रॅक, गेलेल्यांचं.

तो माणूस इथे निळा होता.

“हे निळे,” तिने सेविकेला विचारलं, आवाज शक्य तितका साधा ठेवून, “हे कसे ठरतात?”

“मुक्त झालेले ना! तीन आठवडे कुणी फिरकलं नाही की निळं लावतो आम्ही.” सेविका मनापासून हसली. तिच्या हसण्यात लबाडी नव्हती. “बरं वाटल्याशिवाय यायचं कोण थांबेल, ताई?”

बुधवारी सकाळी फाइलबाई उपाशीपोटी गेली. टिकली हिरवी. एका रात्रीत ती न झालेल्या रोगातून बरी झाली होती! दोन्ही कार्डं घेऊन ती दवाखान्यातल्या आकडेवारी बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. मागच्या वर्षी या डॉक्टरीणबाईंनी कारकुनांसाठी दोन दिवसांचा वर्ग घेतला होता. शेवटच्या बाकावर बसून फाइलबाईने तो शब्दन् शब्द वहीत उतरवून घेतला होता. वर्गात जागं असं तेवढं एकच माणूस असल्याने बाईंनाही ती लक्षात होती.

“सरबतानंतरची साखर आणि उपाशीपोटीची साखर,” डॉक्टरीणबाई कार्डं उलटीसुलटी करत म्हणाल्या, “ही दोन वेगळी मापं आहेत. दोन वेगळे रकाने. हा गडी पहिल्या दिवशी एक मोजतो, दुसऱ्या दिवशी दुसरंच, आणि मधे पाट घालतो. पाटाऐवजी खुर्ची घातली असती तरी साखर उतरलीच असती.”

“पण माझ्या भावाची साखर खरंच जास्त असणार. मग तो उपाशीपोटी तरी हिरवा कसा?”

“मी वर्गात काय सांगितलं होतं? काही गोष्टींना नुसतं नाव असतं, जसा धंदा, रक्तगट. काहींना पायरी असते, थोडं दुखतं, फार दुखतं. आणि काहींना माप असतं, वजन, साखर. मापाची पायरी करता येते. पायरीवरून माप परत काढता येत नाही. दोनशेला हिरवं म्हण, नाहीतर चारशेला म्हण, टिकली बघून कुणाला कळणार? म्हणूनच तो आकडा दाखवत नाही.”

“आणि निळे?”

डॉक्टरीणबाईंनी कार्डं टेबलावर ठेवली. “जो परत आला नाही, त्याच्याविषयी आपल्याला काहीच माहीत नसतं,” त्या म्हणाल्या. “हाच रकाना सगळ्यात जपून भरायचा असतो. तू काय करणार आहेस?”

“फायलीतलं बाहेर सांगता येत नाही मला. सांगणारही नाही,” फाइलबाई म्हणाली. “पण भिंत तर सगळ्यांसाठी उघडीच आहे ना.”

गुरुवारी दालन खच्चून भरलं होतं. तिसऱ्या ओळीत, पाटावर, दादा डोळे मिटून बसला होता. बहिणीला बघून त्याने कपाळाला आठी घातली आणि डोळे पुन्हा मिटले. गुरुजींनी नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाला आपला अनुभव सांगायचाय का? फाइलबाईने हात वर केला. तिने आयुष्यात कधी माइक धरला नव्हता. तिने तो दोन्ही हातांनी धरला.

“मी मंगळवारी लाल होते, बुधवारी हिरवी झाले,” ती म्हणाली. टाळ्या पडल्या. “पण मला साखरेचा आजारच नाही. मंगळवारी मला पेलाभर गोड सरबत पाजून तपासलं, बुधवारी उपाशी ठेवून तपासलं. ज्याला खात्री करायची असेल त्याने उद्या घरीच करून बघावं. पाट लागत नाही.”

टाळ्या मधेच विरल्या. गुरुजी हसले. “ताईंचा स्वभाव चिकित्सक आहे. आकड्यांनी माणूस मोजता येत नाही, ताई.”

“मग तीनशे सव्वीस कार्डं मोजून भिंतीवर कशाला लावलीत?” ती म्हणाली, आणि माइक घेऊन तशीच भिंतीकडे वळली. “मी काही सांगत नाही. फक्त वाचते. कुणाला ओळखत असाल तर सांगा, हे लोक आता कसे आहेत. शाळेतली आया, वय साठ.”

मग मागून एका बाईचा आवाज आला. “त्या मुलीकडे राहायला गेल्या. तब्येत तशीच आहे. येणं परवडत नव्हतं त्यांना.”

“पाथरवट, वय चोपन्न.”

“तो आमच्या चाळीत राहतो,” एक तरुण म्हणाला. “त्याला आठ दिवसांत कंटाळा आला. म्हणाला, काही फरक नाही.”

“घड्याळजी, वय सहासष्ट.”

“गेले ते,” खिडकीपाशी उभे असलेले एक म्हातारे गृहस्थ सावकाश म्हणाले. “मार्चमध्ये. पाय कापावा लागला आणि चौथ्या दिवशी गेले. माझ्या खालच्या मजल्यावरच राहायचे.”

तिसऱ्या ओळीतला पाट एकटाच गुणगुणत राहिला. दादा उठून उभा राहिला होता.

“मार्चमध्ये?” तो म्हणाला. “माझ्या शेजारीच बसायचा तो. ह्या पाटावर. यायचा थांबला तर मला वाटलं, सुटला. मी कार्डाला नमस्कार केला त्याच्या.”

फाइलबाईला थांबावंसं वाटलं. पण एक कार्ड राहिलं होतं. “नकाशे काढणारा,” ती म्हणाली, “वय एकसष्ट.”

तिने सगळीकडे पाहिलं. लोक एकमेकांकडे बघत होते, माना हलवत होते. त्याला कुणीच ओळखत नव्हतं. दालनात तिला एकटीलाच माहीत होतं, आणि तिला सांगायची मुभा नव्हती. तिला वाटलं, आपलं कार्ड इथे लागलं असतं तरी असंच झालं असतं. कारकून, वय छप्पन्न. कोण बोललं असतं?

“बघा,” ती म्हणाली. “न येण्याला कारणं असतात. कुणी कंटाळतो, कुणाला परवडत नाही, कुणी दुसरीकडे जातो, कुणी मरतो. न आलेल्याच्या पुढे ‘माहीत नाही’ असं लिहायचं असतं. इथे ‘बरा झाला’ असं लिहिलंय. ही भिंत एवढी मोठी झाली ती कशामुळे, याचा विचार करा.”

“निंदकाच्या सहवासात कंपनं बिघडतात!” गुरुजींचा आवाज चढला. “ताईंना बाहेर न्या!”

“थांबा,” दादा म्हणाला. तो लंगडत पुढे आला आणि त्याने सेविकेपुढे बोट धरलं. “मी उपाशी आहे. मी हिरवा आहे. मोजा. आणि आकडा मोठ्याने सांगा.”

सेविकेने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी मान हलवत होते, नको म्हणून. पण पोरीची बोटं सवयीने चालली. तिने थेंब घेतला, मशीनकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

“तीनशे एक्याण्णव,” ती म्हणाली.

“कालचा किती होता?”

“तीनशे साठ,” ती पुटपुटली. “ते म्हणाले होते, तुमच्या प्रकृतीला चारशेच्या आतला हिरवाच.”

गुरुजी ग्रहमानाबद्दल काहीतरी बोलायला लागले होते, पण माइक फाइलबाईच्या हातात होता.

दवाखान्यात दादाचा अंगठा गेला. पाय वाचला. आणखी दोन आठवडे पाटावर काढले असते तर तोही गेला असता, असं शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर म्हणाले. तो वॉर्डात होता तोवर फाइलबाई रोज दुपारी तळघरातून वर यायची आणि त्याच्या खाटेपाशी बसायची. पहिले तीन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी म्हणाला, “ती शिलाई मशीनची मोटार होती.”

“तुला कळलं होतं?”

“पहिल्याच दिवशी. चाळीस वर्षं मांडीखाली ऐकलीय ती.” तो छताकडे बघत होता. “घरात इतकं शांत असतं, चिमणे. दुकान बंद केल्यापासून आवाजच नाही. तिथे तो आवाज होता. आणि ती पोरगी रोज विचारायची, काका, आज कसं वाटतंय? रोज. मी काही मूर्ख नाही गं.”

फाइलबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. दर रविवारी ती त्याच्या घरी जात होती, जेवत होती, भांडी घासत होती. कसं वाटतंय असं तिने शेवटचं कधी विचारलं होतं? त्यानेही तिला विचारलं नव्हतं, पण तो हिशेब आता तिला करायचा नव्हता.

“मी नाही विचारलं,” ती म्हणाली. “चुकलंच माझं. पण दादा, तिनेही विचारलं, मग आकडा बघितला, आणि तुला हिरवी टिकली लावली. विचारणाऱ्याने खरं सांगितलं पाहिजे ना रे.”

दालन काही बंद पडलं नाही. अशी दालनं एका गुरुवारात बंद पडत नाहीत. रांग निम्मी झाली, भिंतीवरची कार्डं उतरवून तिथे पडदा लावला गेला, आणि ती सेविका पुन्हा दिसली नाही. दीड महिन्याने दादा काठी घेऊन चालायला लागला, आणि एका सकाळी इंजेक्शन घेऊन, न्याहारी करून, त्या जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. कामावर जाताना फाइलबाईने त्याला लांबूनच पाहिलं आणि ती थबकली. तो ओरडत नव्हता, कुणाला अडवत नव्हता. उतरणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारत होता.

“तुमचा आकडा किती आला?”

“तुम्हाला काय करायचंय?” एकजण खेकसला. दुसऱ्याने हिरवं कार्ड त्याच्या नाकापुढे नाचवलं. तिसऱ्या आजीबाई होत्या, एकट्याच, भिंतीला धरून उतरत होत्या. त्या थांबल्या.

“आकडा सांगितलाच नाही हो त्यांनी,” त्या म्हणाल्या. “विचारायचा असतो का?”

“विचारायचाच असतो, आजी. तुमच्याच रक्ताचा आहे तो,” दादा म्हणाला. “जो सांगत नाही, त्याच्याकडे जायचं नाही. दवाखाना इथून दहा मिनिटांवर आहे. घरी कोण आहे तुमच्या?”

“कुणी नाही.”

फाइलबाई रस्ता ओलांडून पुढे आली आणि तिने आजींचा हात धरला.

“चला,” ती म्हणाली. “आम्ही येतो सोबत. आणि उद्या तुम्ही आला नाहीत, तर का आला नाहीत ते विचारायला घरी येऊ.”